यंत्रमागावरचा १६×२ एलसीडी: शेजारचा माग सुरू झाला की अक्षरं बिघडतात

ताणाबाणा
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. साधे धोट्याचे, रॅपियर (बिनधोट्याचे आधुनिक) नव्हेत. कामगाराची मजुरी निघालेल्या मालावर ठरते आणि मोजणीवरून कुरबुर चालूच असते. म्हणून प्रत्येक मागाला छोटा मीटर बसवायचं ठरवलंय. वरच्या ओळीत किती पिक (आडव्या धाग्याचे फेरे) पडले, खालच्या ओळीत कापड किती मीटर झालं. आकडा कामगाराच्या डोळ्यासमोर राहिला पाहिजे, ऑफिसातल्या वहीत नको.

सामान असं: आर्डुइनो ऊनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड), १६ अक्षरं दोन ओळींचा हिरवा एलसीडी, क्रँकशाफ्टवरच्या बोल्टसमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर (लोखंड समोर आलं की सिग्नल देणारा). डिस्प्ले चालवणारी लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) आर्डुइनोसोबत येते तीच, लिक्विडक्रिस्टल.

घरी टेबलावर कितीही वेळ चालवा, काही होत नाही. मागावर लावलं आणि शेजारच्या मागाचा स्टार्टर दाबला की डिस्प्लेवर जपानी अक्षरं येतात, नाहीतर पडदा कोरा. मोजणी मात्र चालू असते, लॅपटॉप जोडून पाहिला तर आकडे बरोबर. ऊनोचं रीसेट बटण दाबलं की डिस्प्ले परत ठीक.

प्रश्न तीन. लायब्ररीत दोष आहे का? चार तारांचा आयटूसी (दोनच सिग्नल-तारांवर बोलणारा) डिस्प्ले घेतला तर हे थांबेल का? आणि 'पिक', 'मीटर' हे शब्द मराठीत दाखवता येतात का?

विजापूर_वेस
जपानी येत असेल तर टॉवेलची पहिली गाठ तिकडंच पाठवा की मालक!
आमच्याकडं पिठाच्या गिरणीत पण असंच दिसालंय. धागा वाचतोय.

पाच_व्होल्ट
लायब्ररी निर्दोष आहे. तिच्या हातात जेवढं आहे तेवढं ती नीट करते. डिस्प्लेवर आत काय चाललंय ते समजून घ्या, मग तिन्ही प्रश्न सुटतील.

या डिस्प्लेच्या मागे काळा डांबरासारखा ठिपका असतो. त्याखाली हिताचीच्या एचडी४४७८० ला जुळणारी चिप असते. तिला ८ बिटचा एक बाइट लागतो, पण तारा वाचवायला आपण चारच डेटा तारा जोडतो आणि बाइट दोन अर्ध्यांत पाठवतो. प्रत्येक अर्ध्यानंतर 'ई' नावाच्या पिनवर एक ठोका. तो ठोका खाली उतरताना चिप डेटा उचलते.

आता स्टार्टरच्या ठिणगीने 'ई'च्या तारेवर एक खोटा ठोका आला समजा. चिपने एक अर्धा जास्तीचा उचलला. पंगतीत एक पान चुकलं की पुढच्या प्रत्येकाला दुसऱ्याचं वाढलं जातं, तसं होतं. पुढचा प्रत्येक बाइट आधीच्याचा अर्धा आणि नंतरच्याचा अर्धा मिळून बनतो. 'पिक १२०' ऐवजी भलतेच कोड, आणि बहुतेक स्वस्त डिस्प्लेंच्या रॉममध्ये (चिपमधल्या कायमच्या अक्षरसाठ्यात) वरच्या कोडांवर जपानी कातकाना लिपी आहे, म्हणून जपानी. मधेच एखादा अर्धा आदेश म्हणून गेला तर पडदा बंदही होतो.

आणि आर्डुइनोला हे कळत नाही. आपण आर-डब्ल्यू पिन ग्राउंडला बांधतो, म्हणजे फक्त लिहायचं, वाचायचं काही नाही. लायब्ररी प्रत्येक आदेशानंतर ठरावीक वेळ थांबते आणि झालं असं धरून चालते. चिपच्या माहितीपत्रकात साध्या आदेशाला ३७ मायक्रोसेकंद आणि पडदा पुसायला १.५२ मिलिसेकंद दिलेत.

झिरो_पीसीबी
पाच_व्होल्ट यांच्याशी सहमत, एक भर घालतो. खूण बघून रोग ओळखा. जपानी किंवा अगम्य अक्षरं म्हणजे अर्धे सरकले. पहिल्या ओळीत नुसते काळे चौकोन असतील तर चिप स्वतःच रीसेट झाली आणि तिला कोणी परत सुरू केलं नाही, म्हणजे ५ व्होल्ट क्षणभर खाली गेले. बॅकलाइट आहे पण काहीच नाही, तर आधी कॉन्ट्रास्टचा प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून पाहा, मग बाकीचं.

एलसीडीच्या पायांपाशीच १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. ऊनोपाशी नको, एलसीडीपाशी.

अंजनडोह
आयटूसी घ्या, १६ तारांचं जंजाळ कशाला? मागे तो निळ्या प्रीसेटचा छोटा बोर्ड लावला की एसडीए, एससीएल, ५ व्होल्ट, ग्राउंड. संपलं. माझ्या ड्रिपच्या कंट्रोलरवर बरेच दिवस चालू आहे.

पाच_व्होल्ट
@अंजनडोह, शेतात चालेल, मागाशेजारी मी सुचवणार नाही. त्या बोर्डवर पीसीएफ८५७४ नावाची चिप असते आणि ती पुढे एलसीडीशी त्याच चार तारांनी, त्याच अर्ध्या-अर्ध्या बाइटने बोलते. म्हणजे सरकण्याचा रोग तिथेही आहेच. वर आयटूसीच्या लांब तारेवर गडबड झाली तर आयटूसी चालवणारी 'वायर' लायब्ररी उत्तराची वाट बघत अडकून बसू शकते, मग मोजणी दाखवणं सोडाच, अख्खा प्रोग्राम थांबतो. नव्या वायर लायब्ररीत ठरावीक वेळाने वाट बघणं सोडणारं 'सेटवायरटाइमआउट' आहे, पण ऊनोवर ते आपल्याला स्वतःहून चालू करावं लागतं.

अंजनडोह
तार वीतभर ठेवली तर?

पाच_व्होल्ट
तर चालेल. पण वीतभर तार ठेवायची असेल तर साधा डिस्प्लेही चालेल. मुद्दा तारेच्या लांबीचा आहे, आयटूसीचा नाही.

भवानी_पेठ
आयटूसीवरच एक. ज्यांना बोर्ड लावूनही काही दिसत नाही त्यांनी पत्ता तपासा. पीसीएफ८५७४ असेल तर हेक्समधला (१६ च्या पटीतल्या आकड्यांतला) पत्ता २० ते २७ मध्ये, बहुधा २७. पुढे 'ए' लिहिलेली चिप असेल तर ३८ ते ३एफ, बहुधा ३एफ. स्कॅनरचा छोटा प्रोग्राम चालवला की लगेच कळतं. दुकानदाराने सांगितलेल्या पत्त्यावर विसंबू नका, मला दोन्ही प्रकार एकाच पिशवीत मिळालेत.

झिरो_पीसीबी
@ताणाबाणा, सेन्सर कोणत्या पिनवर आहे? आणि एलसीडीची तार किती लांब?

ताणाबाणा
सगळ्यांचे आभार. सेन्सर ऑप्टोकप्लरमधून (सिग्नल प्रकाशाने पुढे देणारी, दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारी चिप) पिन ८ वर, लूपमध्ये (प्रोग्रामच्या सतत फिरणाऱ्या भागात) वाचतो. एलसीडी १२, ११, ५, ४, ३, २ वर, लायब्ररीच्या उदाहरणात आहे तसाच. एलसीडी मागाच्या पुढच्या बाजूला कामगारासमोर आणि ऊनो मागे मोटरपाशी, मध्ये रिबन केबल. मोटरची केबलही त्याच बाजूने जाते.

झिरो_पीसीबी
मग उत्तर तिथेच आहे. ती रिबन केबल म्हणजे मोटरच्या केबलला समांतर बांधलेली अँटेना आहे. ऊनो आणि एलसीडी एकाच डब्यात, कामगारासमोर. लांब तार फक्त सेन्सरची असू दे. सेन्सरला २४ व्होल्ट द्या, शील्डची (वर जाळीचं आवरण असलेली) तार घ्या, शील्ड एकाच टोकाला जोडा. २४ व्होल्टच्या सिग्नलला चार-पाच व्होल्टच्या गडबडीने काही फरक पडत नाही, आणि तुमचा ऑप्टोकप्लर आहेच.

दुसरं, गडबड जिथे जन्मते तिथे मारा. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची (मोटर जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल २३० व्होल्टची असेल तर तिच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक. कपॅसिटर एक्स२ (थेट मेन्सवर लावायच्या) दर्जाचाच हवा, साधा नको. कॉइल ४१५ ची असेल तर त्या व्होल्टेजचा तयार सप्रेसर (ठिणगीची गडबड शोषणारा) मिळतो तो घ्या. हे काम वायरमनकडून, एमसीबी पाडून.

वसंता
मी माग चालवलेला माणूस, इलेक्ट्रॉनिक्स मुलाचं. वाचतोय आणि छान वाटतंय. पण मालक, मोजणीचा एक घोळ तुमच्या डब्यात नाही, मागात आहे.

आडवा धागा तुटला की माग थांबतो. मग कामगार हाताने माग उलटा फिरवून तुटलेला पिक शोधतो, काढतो, परत पुढे घेतो. तुमचा सेन्सर उलट फिरतानाही मोजणार आणि पुढे येतानाही मोजणार. दिवसभरात जो माग जास्त तुटतो त्याचा आकडा फुगणार. चांगल्या सुताच्या मागावर बसलेला कामगार म्हणेल माझ्यावर अन्याय झाला, आणि त्याचं बरोबर असेल.

दुसरं, मागावरचं मीटर आणि घडीवरचं मीटर एक नसतं. ताण सुटला की कापड आखडतं. मजुरी कशावर देणार ते आधी सांगा, मग डिस्प्लेवर तेच दाखवा.

ताणाबाणा
@वसंता काका, उलट्या फेऱ्याचं गणित प्रोग्राममध्ये नव्हतंच. हा मुद्दा सगळ्यात मोठा. मजुरी पिकवरच द्यायची, मीटर फक्त अंदाजासाठी, असं आता पक्कं करतो.

पाच_व्होल्ट
वसंता काकांना दंडवत. उलट फेरा ओळखायला दुसरा सेन्सर लावा, पहिल्यापासून थोड्या अंतरावर, असा की बोल्ट थोडा वेळ दोघांसमोर एकदम असेल. कोणता आधी लागला त्यावरून दिशा कळते. पुढे गेला तर एक मिळवा, मागे गेला तर एक वजा.

आता पिनचं बघा. ऊनोवर बाहेरच्या इंटरप्टसाठी (ठोका येताच चालू काम थांबवून आधी तो मोजण्यासाठी) पिन दोनच आहेत, २ आणि ३. लायब्ररीच्या उदाहरणाने नेमक्या त्याच एलसीडीला दिल्यात. शिकणाऱ्याला चालतं, तुम्हाला नाही. लिक्विडक्रिस्टल कोणत्याही पिन घेते, म्हणून एलसीडीच्या शेवटच्या दोन डेटा तारा ए० आणि ए१ वर न्या, प्रोग्रामच्या सुरुवातीच्या ओळीत तेवढे आकडे बदला. २ आणि ३ सेन्सरना.

हे का गरजेचं ते सांगतो. माग मिनिटाला १२० फेरे घेत असेल तर एक फेरा अर्ध्या सेकंदाचा. बोल्ट सेन्सरसमोर १५ अंश राहिला तर तो वेळ जेमतेम २० मिलिसेकंद. लूपमध्ये वाचत असाल आणि त्याच वेळी एलसीडीला काही लांबण लागली तर तो पिक गेला. इंटरप्टमध्ये मोजा, लूपमध्ये दाखवा. इंटरप्टच्या आत 'प्रिंट' कधीच नको. आणि मोजणीचा आकडा चार बाइटचा असतो, ऊनो एका वेळी एक बाइट वाचतो, तेव्हा वाचताना क्षणभर इंटरप्ट बंद करून प्रत काढून घ्या. नाहीतर कधीतरी अर्धा जुना अर्धा नवा आकडा दिसेल, आणि मजुरीच्या मीटरवर एकदा जरी असा दिसला की कामगाराचा विश्वास उडाला.

सिद्धरामाची_काठी
'क्लिअर' वापरत असाल तर काढून टाका. प्रत्येक वेळी पुसून लिहिलं की पडदा लुकलुकतो. 'सेटकर्सर' करून जुन्यावरच लिहायचं. फक्त आकडा लहान झाला की शेपूट राहतं. १०० वरून ९९ वर आलात तर ९९० दिसेल. वसंता काकांच्या वजाबाकीमुळे तुमच्याकडे हे होणारच. आकड्यानंतर दोन रिकाम्या जागा लिहा किंवा आकडा उजवीकडे सरकवून ठरावीक रुंदीत लिहा.

विजापूर_वेस
९९० पिक बघून कामगार खूश, मालक फेफरं येऊन खाली. 😄
एक इचारतो. तार सरकवली, सप्रेसर लावला, तरी एखादवेळी बिघडलं तर? आमच्या गिरणीत रीसेट दाबायला कोण बसणार?

झिरो_पीसीबी
चांगला प्रश्न. डिस्प्ले सुरू करणारा लायब्ररीचा आदेश 'बिगिन' परत बोलवायचा. 'बिगिन' आत काय करतं तर चिपला ३ हा अर्धा तीनदा पाठवतं आणि मग २. हा क्रम असाच रचलाय की चिप अर्ध्यावर अडकलेली असो की रीसेट झालेली, ती परत जागेवर येते. फक्त दोन गोष्टी. एक, 'बिगिन' मध्ये काही मिलिसेकंद थांबतं, तेवढ्यात लूपमधला एखादा पिक गिळला जाऊ शकतो. इंटरप्टवर मोजणी आणल्याशिवाय हे करू नका. दोन, स्वतःची अक्षरं बनवली असतील तर तीही परत भरा, कारण गडबडीत त्यांच्या जागेवर कचरा लिहिला गेलेला असू शकतो.

माग थांबला असं दिसलं की एकदा 'बिगिन' करा. कामगार आकडा बघतो तो माग थांबल्यावरच.

भवानी_पेठ
आता मराठीचं. थेट 'प्रिंट'मध्ये 'मीटर' लिहिलं तर चालत नाही, आणि का ते गमतीशीर आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइटचं. 'म' म्हणजे हेक्समध्ये ई०, ए४, एई. एलसीडीला युनिकोड (सगळ्या लिप्यांचे संगणकी कोड) माहीत नाही, तो तीन वेगळी अक्षरं दाखवतो: ग्रीक अल्फा, जपानी स्वल्पविराम आणि एक छोटं जपानी 'यो'. 'क' लिहा, 'ट' लिहा, पहिली दोन तीच.

मार्ग एकच, 'क्रिएटकॅर'. ५ बाय ८ ठिपक्यांची आपली अक्षरं. जागा फक्त आठ. आणि बनवल्यावर 'सेटकर्सर' केल्याशिवाय 'प्रिंट' करू नका, नाहीतर मजकूर पडद्याऐवजी अक्षरांच्या मेमरीत जातो.

मी देवनागरी आकडे करून पाहिले. ० आणि ३ रॉममधलेच चालतात. उरले १, २, ४, ५, ६, ७, ८, ९. मोजा, बरोबर आठ! सगळे बसतात. मग शब्दांना मात्र एकही जागा उरत नाही. शब्द हवे तर आकडे रॉममधलेच ठेवा. 'पिक'ला दोन घरं, 'मीटर'ला तीन घरं लागतात. घरांच्या मध्ये काचेतच फट असते त्यामुळे शिरोरेषा तुटते, पण वाचता येतं. 'पि'ची वेलांटी पाच ठिपक्यांत कोंबताना 'प'चा पोट-भाग दोन ठिपक्यांचाच करावा लागतो.

अंजनडोह
मराठी कशाला? पूर्व भागात अर्धे कामगार घरी तेलुगू बोलतात.

वसंता
तेलुगू बोलतात, मराठी वाचतात, मोबाइल इंग्रजी आकड्यांत लावतात. मागावरच्या माणसाला शब्द नको असतो. वरचा आकडा पिकचा हे एकदा सांगितलं की पुरे. त्याला हवा असतो मागच्या पाळीचा आकडा. पाळी बदलताना भांडण होतं ते त्यावरून.

सिद्धरामाची_काठी
काकांचा मागच्या पाळीचा आकडा ठेवायचा तर वीज गेल्यावरही तो राहिला पाहिजे. ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहा, पण प्रत्येक पिकला नको. ऊनोच्या ईईप्रॉमच्या एका जागेला १ लाख वेळा लिहिण्याची हमी आहे. मिनिटाला १२० पिक धरले तर एकाच जागेवर लिहिताना ती हमी १४ तासांच्या आत संपते. दोन पाळ्याही निघत नाहीत. दर ५०० पिकला लिहा आणि जागा बदलत राहा. किंवा एफरॅमची (तशाच टिकणाऱ्या दुसऱ्या मेमरीची) छोटी चिप घ्या, तिला असा त्रास नाही.

कडक_भाकरी
उशिरा आलो. सोलापूरचा मे कोणी धरला का हिशोबात? पत्र्याखाली, बंद डब्यात (उघडा ठेवताच येणार नाही, रुई आत जाऊन बसते), बाहेर ४२ असताना आत ५० च्या पुढे सहज. साध्या एलसीडीची मर्यादा बहुधा ५० असते. आणि त्याआधीच कॉन्ट्रास्ट हलतो. उष्णता वाढली की द्रवस्फटिकाला कमी व्होल्टेज पुरतं, म्हणून सगळे ठिपके काळे पडायला लागतात, जानेवारीत गड्डा यात्रेच्या थंडीत नीट लावलेला प्रीसेट मे महिन्यात चौकोन दाखवतो. लोक डिस्प्ले गेला म्हणून फेकतात. प्रीसेट फिरवा, तो परत येतो.

डब्याला प्रीसेटसमोर स्क्रू-ड्रायव्हर जाईल एवढं भोक पाडा आणि रबरी बूच लावा. विकत घेतानाच ७० अंशांपर्यंतचा मागा, थोडा महाग पडतो.

ताणाबाणा
परत आलो. एका मागावर सगळं केलं. ऊनो आणि एलसीडी एका डब्यात. दोन सेन्सर, पिन २ आणि ३ वर, २४ व्होल्ट, शील्डची तार. वायरमनने शेजारच्या दोन्ही स्टार्टरवर सप्रेसर लावले. प्रीसेटसमोर भोक.

मुद्दाम शेजारचा माग पुनःपुन्हा बंद-चालू करायला लावला. एकही अक्षर हललं नाही. मग सप्रेसर काढून पाहिला, तरी नाही. म्हणजे आमच्याकडे दोष मुख्यतः त्या रिबन केबलचा होता. सप्रेसर परत लावून ठेवलाय, कॉन्टॅक्टरच्या टोकांनाही तो बरा. माग थांबला की 'बिगिन' हेही ठेवलंय.

उलट फेऱ्याची वजाबाकी चालते. कामगाराने स्वतः माग उलटा फिरवून आकडा कमी होताना पाहिला, आणि म्हणाला हे ठीक आहे. 'मीटर' शब्द काढला. वरच्या ओळीत या पाळीचे पिक, खालच्या ओळीत मागच्या पाळीचे. कापडाचे मीटर बटण दाबल्यावर दिसतात. इंचाला ४० पिक धरून १५७५ ला एक मीटर.

एकच अडचण. उलट फेरा पाळी बदलतानाच झाला तर आकडा शून्याच्या खाली जातो आणि चारशे कोटींच्या वरचा काहीतरी दिसतो.

पाच_व्होल्ट
मोजणी 'अनसाइन्ड लाँग'मध्ये (उणे आकडा न धरणाऱ्या प्रकारात) आहे, ती साधी 'लाँग' करा. उणे आकडा दिसू द्या, शून्यावर अडवू नका. अडवलं तर तेवढे पिक नव्या कामगाराला फुकट मिळतील आणि वसंता काका ते पहिल्याच दिवशी पकडतील.

वसंता
पकडणारच. उणे दिसलं की आधीच्या पाळीच्या माणसाला बोलवायचं आणि दोघांसमोर वजा करायचं.

विजापूर_वेस
प्रोग्राम इथं टाका की मालक. गिरणीवर पोती मोजायला लावतो.

ताणाबाणा
टाकतो. 'लाँग'चा बदल करून दोन पाळ्या चालवून बघतो, मग पिनच्या आकृतीसकट इथेच.